श्वानांची लूत, केशशातन आणि आपले कर्तव्य

ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे येणारा प्रत्येक प्रश्न मनुष्याच्याच व्याधीचा असतो असे नाही, हे या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. आमच्या पाचोड परिसरात मोसंबीच्या बागा, कपाशीची शेते आणि शेतातच राहणाऱ्या कुटुंबांच्या वस्त्या दूरवर पसरल्या आहेत. वस्तीवर राखणीला एखादे तरी कुत्रे असतेच. मेंढपाळाचे तर त्याच्यावाचून पानही हलत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी स्वतःचे औषध घेऊन झाल्यावर शेतकरी उठता उठता विचारतो, "डॉक्टरसाहेब, कुत्र्याला लूत लागलीय, अंगावरचे केस पार गेले, एखादं मलम असंल तर द्या." औषधविक्रेत्या बंधूंना तर हा प्रश्न आमच्याहून अधिक वेळा ऐकावा लागतो, आणि बहुधा फडताळात जे मलम हाताशी येईल ते देऊन ग्राहकाची बोळवण केली जाते.

हा विषय क्षुल्लक मानून सोडून देण्याजोगा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात एका मुक्या प्राण्याचे आरोग्य गुंतलेले आहे, त्या घरातील माणसांचे आरोग्य गुंतलेले आहे आणि आपल्या शास्त्राची प्रतिष्ठाही गुंतलेली आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, श्वानाची चिकित्सा हे आपले क्षेत्र नव्हे. परंतु श्वानाच्या लुतीविषयी अज्ञानी राहण्याचा अधिकारही आपणास नाही.

एक नाव, अनेक व्याधी

लोकभाषेत 'लूत' हा एकच शब्द आहे. पण त्या शब्दाखाली किमान सहा-सात भिन्न व्याधी दडलेल्या असतात. निदानावाचून चिकित्सा नाही, हे आपल्या शास्त्राचे पहिले सूत्र. ते येथे विसरून कसे चालेल?

खरी लूत म्हणजे सार्कोप्टिस नामक सूक्ष्म जंतूने होणारी खरूज. कानांच्या कडा, कोपर, मागच्या पायांचे सांधे आणि पोट येथे ती प्रथम दिसते. कंडू इतका तीव्र असतो की कुत्रे खाणेपिणे सोडून खाजवीत राहते. जंतूची मादी त्वचेत बीळ करून अंडी घालते आणि अंड्यापासून पूर्ण वाढ झालेला जंतू तयार होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणूनच चार दिवस काहीतरी चोपडून खाज उणावली, तरी व्याधी गेली असे म्हणता येत नाही.

दुसरी व्याधी डेमोडेक्स या जंतूची. हा रोमकूपात राहतो आणि निरोगी श्वानातही अल्प प्रमाणात असतो. पिलाला तो जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईपासून मिळतो. वर्षाच्या आतील पिलांत डोळ्यांभोवती, तोंडाशी व पुढच्या पायांवर केस जाऊन चट्टे पडतात, पण खाज फारशी नसते. असे मोजके चट्टे पुष्कळदा आपोआप भरून येतात. वयस्क श्वानाच्या सर्वांगावर तेच दिसू लागले, तर मात्र शरीराचे बल कोणत्या तरी अन्य रोगाने खालावले आहे असे समजावे. येथे स्टिरॉईडयुक्त मलम लावणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

तिसरा नायटा. तो बुरशीपासून होतो. गोलसर चट्ट्यात केस तुटलेले दिसतात, आणि तो घरातील मुलांना सहज लागतो. चौथा प्रकार पिसवांचा. पिसू चावताना तिची लाळ त्वचेत जाते आणि काही श्वानांना ती सोसत नाही. मग शेपटीच्या मुळाशी व मांड्यांच्या मागील बाजूस केस जातात. गोचिडांचा उपद्रव तर केवळ त्वचेपुरता राहत नाही. त्यांच्यामार्फत रक्तातील रोग शिरतात, हिरड्या पांढुरक्या पडतात, क्वचित नाकातून रक्त येते. याखेरीज थायरॉईड ग्रंथीचे कार्य मंदावल्यास खाज नसतानाही दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ होतात, कुत्रे सुस्त व स्थूल होते. केवळ शिळ्या भाकरीवर वाढणाऱ्या कुत्र्याचे केस प्रथिनांअभावी निस्तेज होऊन झडतात. आणि ऋतू पालटताना काही श्वानांचे केस स्वभावतःच गळतात. तो रोगच नव्हे.

या सर्वांवर एकच मलम कसे चालेल? पशुवैद्यक त्वचा खरवडून तो अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, त्याचे कारण हेच. ती तपासणी स्वस्त आहे, थोडक्या वेळात होते, आणि अंदाजाने दिलेल्या दहा मलमांचा खर्च वाचविते.

शास्त्राचा दाखला नीट वाचावा

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, 'आयुर्वेदास पशुचिकित्सा नवी नाही.' हे अगदी खरे आहे. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली मुद्रित केला. शालिहोत्राचे नाव अश्वचिकित्सेशी कायमचे जोडले गेले आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तृतीयाने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त श्वानांविषयी 'सारमेयविनोद' हे स्वतंत्र प्रकरण आहे. सुश्रुताने कल्पस्थानात अलर्कविषाचा, म्हणजे पिसाळलेल्या श्वानाच्या दंशाचा विचार केला आहे.

परंतु हा दाखला कोणती शिकवण देतो, तेही पाहावे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायात हत्ती, उंट, गाय-बैल, अश्व, मेंढी आणि शेळी यांना द्यावयाच्या बस्तीचे वर्णन आले आहे. तेथे मनुष्याचा बस्ती उचलून जनावरास दिलेला नाही. प्राण्यागणिक नेत्राचे प्रमाण भिन्न, मात्रा भिन्न, आणि सामान्य द्रव्यांखेरीज त्या त्या प्राण्यासाठी विशेष द्रव्ये सांगितली आहेत. जातिभेदाने चिकित्साभेद होतो, हा आचार्यांचा सिद्धांत आहे. जो वैद्य मनुष्याचे मलम कुत्र्यास देऊन 'परंपरेत पशुचिकित्सा आहेच' असे म्हणतो, तो परंपरेचे नाव घेतो पण तिचा सिद्धांत सोडून देतो.

कायद्याची रेषा

कायद्याची बाजूही सर्वांस ठाऊक असावी. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० अन्वये पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकासच करता येतो. राज्य शासनाच्या आदेशाने पशुधन पर्यवेक्षकादी पदविकाधारकांना काही किरकोळ सेवा देण्याची मुभा आहे, तीही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. आपली नोंदणी मनुष्याच्या चिकित्सेसाठी आहे, बी.ए.एम.एस. पदवी श्वानाच्या चिकित्सेचा अधिकार देत नाही.

याच विषयाची दुसरी बाजू मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्य आणि प्राणी या दोहोंचा उल्लेख आहे. अर्थात प्राण्यांसाठी आयुर्वेदीय औषध परवान्याने निर्माण करणे व विकणे कायद्यास मान्य आहे. म्हणजे आपल्या औषधास प्राण्याच्या दारापर्यंत जाण्याचा मार्ग मोकळा आहे. निदान करून ते कोणत्या प्राण्यास, किती व केव्हा द्यावे, हा निर्णय मात्र पशुवैद्यकाचा आहे. ही रेषा आम्हास अपमानास्पद वाटत नाही. दंतवैद्य हाडे बसवीत नाही, म्हणून त्यास कोणी कमी लेखीत नाही.

'वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी' हा भ्रम

"आपले औषध वनस्पतीचे, त्याने काय अपाय होणार?" हे वाक्य आम्ही अनेक दुकानांतून ऐकतो. श्वानाच्या बाबतीत हे वाक्य विशेष घातक आहे. त्याचे पहिले कारण असे की, श्वान स्वतःचे अंग चाटतो. मनुष्यास लावलेला लेप बाह्य उपचार असतो. श्वानास लावलेला लेप काही क्षणांत आभ्यंतर होतो. पारदयुक्त मलम, मोरचूद घातलेले मिश्रण किंवा भिलाव्याचा योग त्याच्या पोटात गेला, तर त्याचे उत्तरदायित्व कोणाचे? आयुर्वेदीय विषद्रव्यांची यादी औषध नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये उगाच दिलेली नाही. करंजतेल अखाद्य आहे. कडुलिंबाचे तेल पाजल्याने लहान बालकांस गंभीर विषबाधा झाल्याची नोंद मलेशियातून १९८१ साली प्रसिद्ध झाली होती; ज्यास आपण परम सौम्य मानतो, त्या द्रव्याचीही ही कथा आहे.

दुसरे कारण जातिभेदाचे. लशुन आपल्याकडे कृमिघ्न म्हणून मान्यता पावलेला. परंतु लसूण व कांदा यांनी श्वानाच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. मनुका आपण बालक, वृद्ध, क्षीण अशा सर्वांस निःशंकपणे देतो. पण द्राक्षे व मनुका यांनी काही श्वानांचे वृक्क निकामी होतात. आसव-अरिष्टांतील स्वयंजनित मद्यांश त्यास सोसत नाही. वजनाच्या हिशेबाने मात्रा कमी केली म्हणजे भागले, अशी समजूत असेल तर ती सोडावी. प्रश्न मात्रेचाच नसून देहाचा आहे.

हा नियम केवळ आपल्याच औषधांस लागू आहे असे नव्हे. आयव्हरमेक्टिन हे लुतीवरील प्रसिद्ध औषध; परंतु कोली व तत्सम मेंढपाळ जातीच्या विलायती श्वानांत एक जनुकदोष असतो, त्यामुळे ते औषध मेंदूत शिरून प्राणावर बेतते. मनुष्यासाठी ठेवलेल्या त्याच्या गोळ्या कुत्र्यासाठी मोडून देणारा विक्रेता हे जाणतो काय?

गावठी उपायांविषयी तर आम्ही कठोरपणे बोलू इच्छितो. ट्रॅक्टरचे जळके ऑईल, रॉकेल, आणि सर्वांत भयंकर म्हणजे कपाशीवर फवारण्याचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर ओतण्याची रीत अद्याप गेलेली नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने शेतकरी दगावले, हे आपण विसरलो नाही. जे द्रव्य धडधाकट माणसास मारू शकते, ते लूत भरून सोललेल्या त्वचेतून कुत्र्याच्या देहात किती वेगाने जात असेल! तोंडाला फेस, अंगात कंप, बाहुल्या बारीक होणे ही त्या विषाची लक्षणे होत. "असे काही लावू नका" एवढे वाक्य जरी आपण प्रत्येक विचारणाऱ्यास सांगितले, तरी पुष्कळ कुत्री वाचतील, आणि ते विष हाताने चोळणारी माणसेही वाचतील.

घरातील पामा आणि दारातील श्वान

आता आपल्या खऱ्या अधिकारक्षेत्राकडे वळू. पामेचा, म्हणजे खरजेचा रुग्ण आपल्याकडे नित्य येतो. खरूज सूक्ष्म जंतूमुळे होते, हे बोनोमो व चेस्तोनी या इटालियन अभ्यासकांनी १६८७ साली दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली तिचा समावेश उपेक्षित रोगांच्या यादीत केला. मनुष्याची खरूज माणसाकडून माणसास होते. बोटांच्या बेचक्या, मनगटे, बेंबीचा परिसर व गुह्यभाग येथे ती दिसते, आणि घरातील सर्वांची एकाच वेळी चिकित्सा केल्यावाचून हटत नाही.

परंतु सर्वच कंडू असा नसतो. श्वानाचा जंतू माणसाच्या अंगावर आला तर तोही खाज उठवितो. हात, पोट, मांड्या, म्हणजे जेथे कुत्रे अंगास लागते किंवा ज्यावर त्यास घेतले जाते, तेथे पुरळ उठते. हा जंतू मनुष्याच्या त्वचेत आपले जीवनचक्र पुरे करू शकत नाही. मूळ दूर होताच काही दिवसांत खाज आपोआप शमते. मूळ दूर झाले नाही, तर मात्र आपण कितीही लेप व काढे दिले तरी रुग्ण पुनःपुन्हा येत राहतो. आमच्या पाहण्यात आलेल्या एका वस्तीवरील कुटुंबात आई व दोन मुले महिन्याहून अधिक काळ खाजवीत होती. बोटांच्या बेचक्या स्वच्छ, पुरळ हातांवर व पोटावर. चौकशीअंती कळले की, लूत लागलेले पिलू मुलांच्या गोधडीत झोपत असे. पिलाची चिकित्सा पशुवैद्यकाकडे झाली, गोधड्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकल्या गेल्या, आणि कुटुंबाची खाज थोड्याच दिवसांत थांबली.

निदानपरिवर्जन म्हणजे हेच. कंडूच्या प्रत्येक रुग्णास "घरी कुत्रे-मांजर आहे काय? त्याचे केस गेले आहेत काय?" हे दोन प्रश्न विचारणे, हा आमच्या मते रुग्णपरीक्षणाचा भाग झाला पाहिजे. नायट्याच्या बालरुग्णांसही हेच लागू. येथे कोणताही कायदा आडवा येत नाही. हे आपलेच काम आहे.

एक आक्षेप

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. 'पशुवैद्यकाकडे जा' असे सांगणे सोपे. पण शासकीय दवाखान्यातील डॉक्टर गाई-म्हशींच्या कामात व्यग्र, शहर दूर, आणि राखणीच्या कुत्र्यासाठी खर्च करण्याची शेतकऱ्याची ऐपत कोठे आहे? आपण दोन शब्द सांगून काही दिले नाही, तर तो जळके ऑईलच लावणार.

हा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो. परंतु त्याचे उत्तर चुकीचे मलम हे नव्हे. रिकाम्या हाताने पाठविणे आणि अंदाजाने औषध देणे यांच्यामध्ये पुष्कळ काही करता येण्याजोगे आहे. पशुवैद्यकास उद्देशून चार ओळींची चिठ्ठी द्यावी: व्याधी किती दिवसांची, खाज आहे की नाही, आरंभ कोठून झाला, घरातील माणसांस काही होते काय. पशुपालकांसाठी असलेला १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ प्रत्येक दवाखान्यात व औषधालयात दर्शनी लावावी. तोवर कुत्र्यास मुलांपासून व इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे, त्याचे अंथरूण उकळून उन्हात वाळवावे, भाकरीसोबत अंडे किंवा अन्य पोषक अन्न द्यावे, अंगास काहीही चोपडू नये, असे सांगावे. याला पैसा लागत नाही.

आणखी एक सावधगिरी. वेदनेने त्रस्त झालेले कुत्रे हात लावताच चावते. चावा अथवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब ग्रामीण रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घ्यावी; चुना, मिरची वा कोणताही लेप भरू नये. या बाबतीत आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्या वैद्याने तर सर्वांत आधी लसीचाच आग्रह धरावा.

पुढील वाट

आम्ही आयुर्वेदास श्वानांपासून दूर ठेवू पाहतो, असा कोणी अर्थ काढू नये. चुना व गंधक यांचे द्रावण आधुनिक पशुवैद्यकातही लुतीवर व नायट्यावर वापरले जाते. गंधकाचे सामर्थ्य आपण जाणतोच; प्रश्न आहे तो प्रमाणाचा, कालमर्यादेचा व परीक्षणाचा.

२०१५ सालचे वैद्यकातील नोबेल पारितोषिक या संदर्भात आठवण्यासारखे आहे. ते ज्या दोन औषधांसाठी दिले गेले, त्यांतील आर्टेमिसिनिनचा शोध तू यूयू यांना प्राचीन चिनी ग्रंथांच्या आधाराने लागला. दुसरे आयव्हरमेक्टिन, ओमुरा यांनी जपानच्या मातीतून मिळविलेल्या सूक्ष्मजीवापासून ते निघाले, कॅम्पबेल यांनी त्यावर काम केले, आणि १९८१ साली ते प्रथम जनावरांचे औषध म्हणून बाजारात आले, माणसांस त्याचा लाभ नंतर झाला. परंपरेतील द्रव्य काटेकोर परीक्षणातून गेले तर जगास मान्य होते, आणि जनावरांची चिकित्सा ही कमी प्रतीची विद्या नव्हे, असे दोन धडे त्या एकाच पारितोषिकात आहेत.

आपल्या मराठवाड्यातच परभणी व उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. ती महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहेत. आपल्या संघटनेने त्यांच्याशी संपर्क साधून श्वानांच्या त्वक्‌विकारांवर एक दिवसाचे संयुक्त शिबिर घ्यावे, अशी आमची सूचना आहे. आपण द्रव्यगुणाचे ज्ञान द्यावे. त्यांनी निदान, मात्रा व विषपरीक्षा सांभाळावी. औषधनिर्मात्या बंधूंनी प्राण्यांसाठी योग काढताना मनुष्याच्याच योगावर कुत्र्याचे चित्र छापण्याचा मोह टाळावा आणि पशुवैद्यकांनी तपासलेले योगच बाजारात आणावेत. विक्रेत्या बंधूंनी एवढेच करावे: कुत्र्यासाठी मलम मागणाऱ्यास मनुष्याचे मलम देऊ नये.

दहा-वीस रुपयांच्या त्या विक्रीवर कोणाचे दुकान चालत नाही; त्या एका नकाराने मात्र ग्राहकाचा आपल्यावरील विश्वास वाढतो. 'हे आमचे काम नव्हे, पण कोणाकडे जायचे ते आम्ही सांगतो' असे म्हणणारा वैद्य लोकांच्या मनात उंचावतो, असा आमचा ग्रामीण व्यवसायातील अनुभव आहे. सर्व वैद्यबंधू-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनी या सूचनांवर विचार करावा आणि आपली मते जिल्हा शाखेच्या आगामी बैठकीत अवश्य मांडावीत, ही नम्र विनंती.